घरच्या समुद्रांतील जखमी वाम

वऱ्हाडाला समुद्र नाहीं. अकोल्याहून मुंबईचा किनारा गांठावयाचा तर आगगाडीनें साडेपांचशें किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागतो. तथापि येथील पाणी समुद्राशीं नातें राखून आहे, आणि तेंहि एका सोडून दोन समुद्रांशीं. अकोल्याकडील पाऊस पूर्णेंत उतरतो, पूर्णा तापीस मिळते आणि तापी अरबी समुद्रास. अमरावतीच्या पूर्वेकडील पाऊस वर्धेंत जातो आणि प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोंचतो. दोन समुद्रांना पाणी पाठविणाऱ्या या प्रांतांत आतां समुद्राचा एखादा तुकडा उलट वाटेनें येऊं लागला आहे. काचेची पेटी, क्षारांची पिशवी आणि विजेचा पंप एवढ्या साधनांवर तो बैठकीच्या खोलींत मांडतां येतो. मात्र त्याबरोबर समुद्रांतील जीवांचीं दुखणींहि घरीं येतात, हें पेटी मांडतांना फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

अशा एका घराची कल्पना करावी. गांव अकोला, महिना वैशाख. रात्रीं वीज गेली, उकाडा वाढला, म्हणून गृहस्थानें पेटीचें झांकण चार बोटें सरकवून ठेविलें. पहाटें दिवा लावून पाहतो तों पेटींतील वाम फरशीवर पडलेली. अंगाला धूळ चिकटलेली, पाठीवरची बोटभर साल निघालेली, शेपटापाशीं रक्त. मुलगा रडकुंडीस आलेला. आजीबाई हळदीचा डबा घेऊन लगबगीनें आल्या आणि म्हणाल्या, "अरे बाप्पा, थोडी हयद तं लाव तिले!" मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहत म्हणतो, "बाबा, वांचेल ना ती?" या घटकेस त्या गृहस्थानें काय करावें आणि मुख्यतः काय करूं नये, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

उपचाराकडे वळण्यापूर्वीं रोग्याची ओळख करून घेणें बरें. वाम हें नांव वऱ्हाडांत अनोळखी नाहीं. पूर्णा-वर्धेच्या पात्रांत सांपडणारा लांबट, टोकदार तोंडाचा, पाठीवर कांटे असलेला मासा याच नांवानें बाजारांत विकला जातो. परंतु प्राणिशास्त्रज्ञ त्याला खऱ्या वामींत गणीत नाहींत; आकार सारखा, कूळ निराळें, असा तो प्रकार आहे. काचपेटींत जी हौसेनें पाळतात ती बहुधा मोरे या समुद्री कुळांतील असते. या मोऱ्यांचा मराठी आडनांवाशीं कांहीं संबंध नाहीं. लॅटिन भाषेंतील 'मुरैना' या शब्दापासून पोर्तुगीजांनीं 'मोरेया' केलें, आणि तेंच पुढें इंग्रजींत गेलें. या कुळांत सुमारे २०० जाती आहेत. पांढुरक्या अंगावर काळ्या नक्षीचे आणि पिवळ्या ठिपक्यांचे पट्टे असलेली, खेंकडे व कोळंबी खाणारी एक जात त्यांतल्या त्यांत शांत, म्हणून ती घरगुती पेटींत अधिक दिसते.

या माशाची शरीररचना ध्यानांत घेतल्यावांचून त्याची शुश्रूषा होणें नाहीं. त्याला खवले नसतात आणि छातीचे परहि नसतात. खवल्यांच्या चिलखताऐवजीं त्याच्या सर्वांगावर एक बुळबुळीत लेप असतो; तेंच त्याचें कवच आणि तेंच जंतूंपासून त्याचें संरक्षण. दृष्टि मंद, पण नाक फार तीक्ष्ण; अंधाऱ्या कपारींत राहून वासावर भक्ष्य हुडकावयाचें, हा त्याचा जन्माचा व्यवसाय. वाम सारखी तोंड उघडते व मिटते, तें पाहून ती चिडून चावावयास टपली आहे असें नवख्या मनुष्यास वाटतें. वस्तुतः तो तिचा श्वासोच्छ्वास आहे. तोंडानें पाणी आंत घेऊन तें कल्ल्यांवरून बाहेर सोडण्याची ती रीत आहे. आणखी एक चमत्कार २००७ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं उजेडांत आणला. मोरे वामीच्या घशांत दुसरा एक जबडा असतो. पुढच्या जबड्यानें भक्ष्य धरिलें कीं हा मागचा जबडा पुढें सरसावतो आणि घांस आंत ओढून नेतो.

अशा प्राण्याचा लळा लागावा हें नवल वाटेल, पण तो लागतो याला जुना पुरावा आहे. प्राचीन रोममधील श्रीमंत लोक समुद्रकांठच्या हौदांतून मोरे वामी पाळीत. लूसियस क्रॅसस हा त्या काळचा नामांकित वक्ता, तो इ. स. पूर्वीं ९१ व्या वर्षीं वारला. त्याच्याविषयीं आख्यायिका अशी कीं, त्यानें आपल्या वामीला दागिने घातले होते, ती त्याच्या हाकेस ओळखून येई, आणि ती मेली तेव्हां तो ढसढसां रडला. डोमिशियस नांवाच्या त्याच्या सहकाऱ्यानें याबद्दल त्याची थट्टा केली. तेव्हां क्रॅससनें उत्तर दिलें तें असें कीं, मी एका माशासाठीं तरी रडलों. तुम्हीं तीन बायका पोंचविल्या आणि डोळ्यांतून टिपूस काढलें नाहीं. उत्तर मोठें झणझणीत खरें. परंतु त्या दागिन्यांपासून वामीला काय सुख झालें असेल याचा विचार त्या थोर वक्त्यास सुचलेला दिसत नाहीं. माया आणि माहिती यांची फारकत झाली कीं पाळलेल्या जीवाचे हाल होतात. आजीबाईंच्या हळदींत माया होतीच. उणीव होती ती माहितीची.

समुद्राचे जीव काचेआड राखण्याची विद्या फार जुनी नाहीं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें तें १८५३ सालीं. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय झालें तें १९५१ सालीं. राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें होतें. वऱ्हाडांतून मुंबई पाहावयास गेलेल्या कित्येक मंडळींनीं समुद्राचा मासा जिवंत असा प्रथम पाहिला तो तेथेंच. पण अशा संस्थेंत माशांची देखरेख करणारी जाणती माणसें पगारी असतात. घरच्या पेटीपुढें तोच गृहस्थ पाणक्या, तोच आचारी आणि तोच वैद्य. म्हणून त्यानें निदान पाण्याचें शास्त्र तरी शिकून घेतलेंच पाहिजे.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते सगळे क्षार परस्परांशीं ठराविक प्रमाणांत असतात. वऱ्हाडांतील माणसास येथें एक मोह पडण्यासारखा आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरींचें पाणी मुळांतच खारट. मग बाजारचे क्षार कशाला, विहिरीचें पाणीच ओतावें, असें कोणास वाटेल. पण तें पाणी पिण्यास नको इतकें खारें असलें तरी समुद्राइतकें खारें नसतें, आणि त्यांतील क्षारांचें प्रमाणहि समुद्राचें नसतें. खारटपणा म्हणजे समुद्र नसतो, याचा दाखला पाहावयाचा असेल तर लोणारचें सरोवर जवळच आहे. त्या खाऱ्या व अत्यंत अल्कधर्मी पाण्यांत मासा जगत नाहीं. नळाच्या पाण्याचीहि कथा वेगळी. अकोल्यास काटेपूर्णेच्या आणि अमरावतीस ऊर्ध्व वर्धेच्या धरणांतून येणारें पाणी शुद्ध करतांना त्यांत क्लोरीन घातलेला असतो; माणसास तो हितकर, माशाच्या कल्ल्यांस मात्र विष. म्हणून गाळण-यंत्रांतून काढलेलें, क्लोरीनरहित पाणी घ्यावें, त्यांत समुद्री क्षारांचें तयार मिश्रण विरघळवावें आणि एक दिवस हवा खेळवून मगच तें वापरावें.

या पाण्यांत डोळ्यांना न दिसणारे सेवकहि असतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. तो सांचला तर मासा स्वतःच्याच मळानें मरतो. परंतु गाळणींत, वाळूंत व दगडांवर राहणारे सूक्ष्म जंतु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट व नंतर त्याहून पुष्कळच निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. या जंतूंचा छडा विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास लावला. काचपेटीचें सारें आरोग्य यांच्या खांद्यावर उभें असतें, आणि जखमी माशाच्या नांवानें घाईघाईनें ओतलेलीं औषधें प्रथम यांचाच बळी घेतात.

आतां त्या पहाटेकडे वळावें. फरशीवरची वाम हालत नाहीं एवढ्यावरून ती मेली असें ठरवूं नये. अंगावरचा लेप ओला असेपर्यंत ती पाण्याबाहेर कांहीं काळ तग धरूं शकते. पेटींतीलच थोडें पाणी एका पसरट टोपल्यांत घ्यावें, हात त्याच पाण्यानें भिजवावे, ओलें मऊ फडकें तिच्या अंगावर टाकावें आणि सर्व शरीरास खालून आधार देऊन तिला टोपल्यांत सोडावी. कोरड्या हातानें धरल्यास लेप निघून येतो. शेपटीस धरून उचलल्यास पाठीच्या मणक्यांस इजा होते. धूळ पाण्यांत आपोआप सुटूं द्यावी, चोळूं नये. नळाखालीं तर तिला मुळींच धरूं नये. ती श्वास घेऊं लागली कीं पेटींत सोडावी, दिवा मालवावा, आणि मुलांना त्या खोलींतून बाहेर न्यावें. हा क्षण गृहस्थाच्या कसोटीचा असतो. कारण आणखी कांहीं तरी करावें असें मन सारखें सांगत असतें, आणि करण्याजोगें असें तेव्हां फारसें नसतें.

पुढचें काम जखमेच्या कारणाचा शोध घेण्याचें. वामीला जखमा होतात त्या बहुधा ठरलेल्या वाटांनीं. ती अरुंद फटींतून निसटून बाहेर पडते. पंपाच्या शोषणाऱ्या तोंडांत तिचें शेपूट अडकतें. पाणी तापविणाऱ्या कांडीस ती विळखा घालून बसते व भाजते. तिनें खालची वाळू उकरल्यामुळें दगडांची रास तिच्यावर कोसळते. किंवा एकाच पेटींत कोंडलेला दुसरा मासा तिला चावतो. कारण कायम ठेवून जखमेवर उपचार करणें म्हणजे गळक्या छपराखालीं फरशी पुसणें होय. झांकणाला वजन ठेवावें व प्रत्येक भोंक जाळीनें बुजवावें. पंपाच्या तोंडावर स्पंज बसवावा. तापविण्याच्या कांडीस जाळीचें आवरण घालावें. दगड वाळूवर न ठेवतां पेटीच्या तळावर पक्के टेकवावे. आणि भांडखोर शेजाऱ्याची दुसरीकडे सोय करावी.

त्यानंतर पाणी तपासावें. तपासणीचे संच बाजारांत मिळतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५, पी-एच ८.१ ते ८.४, उष्णता २४ ते २७ अंश सेल्सियस, हें सर्वसाधारण प्रमाण धरावें. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास तितक्याच उष्णतेचें व तितक्याच खारेपणाचें नवें पाणी तयार करून पेटींतील चौथा हिस्सा पाणी बदलावें, आणि जरूर पडल्यास दुसऱ्या दिवशीं पुनः बदलावें. एकदम सगळें पाणी बदलणें हा जखमी जीवाला दुसरा धक्का होय.

जखमेच्या उपचारांत पाण्याला एवढें महत्त्व कां, हें लोणचें घालणाऱ्या गृहिणीस चट्कन् समजेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेविलें कीं थोड्या वेळानें फोडी आक्रसतात आणि भांड्यांत पाणी सुटतें. मीठ फोडींतील पाणी बाहेर ओढून घेतें. समुद्री माशाच्या शरीरांतील द्रव समुद्राहून पुष्कळच कमी खारा असतो. त्याची कातडी व लेप शाबूत असतां समुद्राची ही ओढ आटोक्यांत राहते. साल निघाली कीं त्या जागीं अंगांतील पाणी बाहेर झिरपूं लागतें आणि क्षार आंत शिरूं लागतात. मासा ही तूट समुद्राचें पाणी पिऊन आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकून भरून काढतो. त्यांत त्याची सारी शक्ति खर्च होते. पाणी स्वच्छ, प्राणवायूनें भरलेलें व स्थिर असेल तर हा खर्च त्याला झेपतो. पाणी गढूळ असेल तर लहानशी जखमहि त्याला भारी पडते. याच कारणास्तव कांहीं वेळां जाणता पशुवैद्य पाण्याचा खारेपणा क्रमाक्रमानें थोडा उतरवावयास सांगतो. तें काम त्याच्या सल्ल्यानेंच करावें, स्वतःच्या अदमासानें करूं नये.

निसर्गानें माशाला जखम भरून काढण्याची शक्ति मोठी दिलेली आहे. लहान जखमेच्या कडेच्या पेशी सरकत येऊन कांहीं तासांतच तिच्यावर पातळ पापुद्रा धरूं लागतात. मांसापर्यंत गेलेली जखम मात्र भरून येण्यास आठवडे लागतात. त्या काळांत रोग्याला अंधार, आडोसा आणि शांतता हवी. पीव्हीसीची एखादी गुळगुळीत नळी, तिच्या अंगापेक्षां थोडी रुंद, पेटींत ठेविली कीं वाम तिच्यांत शिरून बसते. दुसरे मासे त्रास देत असतील, किंवा औषध देणें प्राप्त असेल, तरच तिला निराळ्या पेटींत हलवावी. तेव्हांहि जाळें वापरूं नये. जाळ्याच्या गांठी तिचा लेप खरवडतात. ती नळींत असतांनाच नळीचीं दोन्हीं तोंडें झांकून नळीसकट उचलावी. निराळ्या पेटींत जुन्या गाळणींतील स्पंजाचा तुकडा घालावा, म्हणजे ते अदृश्य सेवकहि तिच्याबरोबर येतील. झांकण तेथेंहि तितकेंच घट्ट असावें. परक्या जागीं गेलेली वाम पहिल्याच रात्रीं पळावयास पाहते.

आतां औषधांविषयीं. आजीबाईंची हळद माणसाच्या बोटाला लावावी; पाण्यांत ती जखमेवर टिकत नाहीं आणि गाळणी मात्र घाण करते. तेल, तूप, तुरटी यांचीहि तीच गत. अंगावर खवले नसल्यानें वामीला कडक औषधें सोसत नाहींत. माशांच्या परोपजीवी किड्यांवर मोरचुदासारखीं तांब्याचीं औषधें वापरतात, पण वामीच्या पेटींत तीं घालूं नयेत. त्यांनीं तिला अपाय होतो आणि पेटींतील खेंकडे-कोळंबी मरून जातात. जंतुनाशक औषधें पाण्यांत सर्रास टाकल्यास गाळणींतील उपयुक्त जंतु मरतात, अमोनिया चढतो, आणि जखमेनें न मेलेला मासा औषधानें मरतो. जखमेच्या कडा लाल होऊन सुजूं लागल्या, त्यावर पांढरट कापसासारखा थर धरला, किंवा आंतील मांस सडूं लागलें, तर तो जंतुसंसर्ग समजावा आणि पशुवैद्यास गांठावें. तो माशाला गुंगीचें औषध देऊन जखम धुईल, आयोडिनाचें सौम्य द्रावण कल्ले व डोळे वांचवून लावील, आणि जरूर तर योग्य तें प्रतिजैविक योग्य त्या मात्रेंत देईल. अकोल्यास पशुवैद्यकाचें पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे आणि नागपुरास मत्स्यविज्ञानाचें महाविद्यालय आहे. हीं दोन्हीं २००० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालीं चालतात. शेजारच्या हौशी मित्राच्या अर्धवट आठवणीवर विसंबण्यापेक्षां अशा जाणत्या ठिकाणीं विचारणें केव्हांहि बरें.

जखमी वाम अन्न घेत नाहीं, याची घरांत सर्वांत अधिक चिंता होते. आपल्याकडे आजारी माणसास दोन घांस तरी खा असा आग्रह करण्याची चाल; तीच माशावर चालविली जाते. पण मोरे वाम धडधाकट असतांहि कित्येक दिवस, प्रसंगीं कांहीं आठवडे, उपाशी राहूं शकते. दोन-तीन दिवसांआड संध्याकाळीं, दिवे मंद करून, कोळंबीचा लहानसा तुकडा लांब चिमट्यानें नळीच्या तोंडापाशीं धरावा. तिनें घेतला तर उत्तम. न घेतल्यास थोड्या वेळानें काढून टाकावा. पेटींत सडणारा तुकडा पाणी नासवितो, म्हणजे भुकेहून मोठें संकट उभें करतो. आणि चिमट्याऐवजीं बोटें कधींहि वापरूं नयेत. दृष्टि मंद असल्यानें बोट कोणतें आणि कोळंबी कोणती हें तिला कळत नाहीं. चुकून तिनें हात धरलाच तर हिसका देऊन ओढूं नये. तिचे दांत आंतल्या बाजूस वळलेले असतात, त्यांनीं मांस फाटतें. तिनें सोडल्यावर जखम साबण-पाण्यानें खूप धुवावी आणि डॉक्टरकडे जाऊन धनुर्वाताच्या लशीचें विचारावें.

वऱ्हाडांत या सर्वांवर ताण करणारा एक शत्रु आहे, तो म्हणजे उन्हाळा. अकोला-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. पाणी जितकें तापेल तितका त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. तिकडे तापलेल्या पाण्यांत माशाला प्राणवायु अधिक लागतो, आणि अमोनियाचें विषहि अधिक जहाल होतें. म्हणजे नेमक्या आजारपणांत तिन्ही बाजूंनीं कोंडी होते. कूलरची झुळूक असलेल्या अंधाऱ्या खोलींत पेटी ठेवावी. झांकणाचा कांहीं भाग बारीक पण बळकट जाळीचा करून त्यावर पंख्याचा वारा सोडावा. पाणी भरून गोठविलेली बंद बाटली पेटींत तरंगत ठेवावी व उष्णता सावकाश उतरवावी. वीज जाईल तेव्हांसाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशीं असावा. उन्हाळ्यांत पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेंच राहतात. म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानें भरून काढावी, खाऱ्या पाण्यानें नव्हे. या साध्या चुकीनें उन्हाळ्यांत पेटी हळूहळू अति खारी होत जाते आणि गृहस्थाला जखम कां भरत नाहीं याचा उलगडा होत नाहीं.

या दिवसांत एक वही ठेवावी. उष्णता, खारेपणा, अमोनिया, श्वासाची गति, जखमेचा रंग व आकार, एवढें रोज एका ओळींत टिपावें. हें काम घरांतील मुलाकडे द्यावें. त्याच्या काळजीला वळण लागतें आणि टिपणेंहि नियमित होतात. जखमेच्या कडा आंत सरकूं लागल्या, तिच्यावर राखाडी पातळ पडदा आला, वाम नळीबाहेर डोकें काढून वास घेऊं लागली, तर पालकानें धीर धरावा. श्वास धापेसारखा चालला, ती उघड्यावर कुशीवर पडून राहूं लागली, जखम पसरत चालली, तर पशुवैद्यास विलंब न करितां बोलवावें. कधीं कधीं मणका मोडलेला असतो किंवा शरीर इतकें सडलेलें असतें कीं आशा उरत नाहीं. अशा वेळीं पशुवैद्याच्या हातून गुंगीच्या औषधानें तिचा शेवट शांतपणें करविणें ही क्रूरता नव्हे. कोणी तिला पूर्णेंत किंवा विहिरींत सोडून द्यावयास सांगेल. परंतु समुद्राच्या जीवाला गोड्या पाण्यांत सोडणें म्हणजे मुक्ति नसून दृष्टीआड घडविलेला मृत्यु आहे.

शेवटीं एक विचार पेटी घेण्यापूर्वींच करण्याजोगा आहे. समुद्रांत जखमी झालेली वाम आपली कपार निवडते, आपलें पाणी निवडते, आणि वैऱ्यापासून दूर जाते. काचपेटींतल्या वामीला यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. ती फार तर झांकणाची फट शोधूं शकते, आणि फटीपलीकडे फरशी असते. तिचा समुद्र पालकानें बनविलेला, म्हणून त्याच्या प्रत्येक थेंबाचा जबाबदार तोच. ज्याला रोज पाणी पाहण्यास सवड नाहीं, वैशाखांत वीज गेल्यावर काय करावें याची तरतूद नाहीं, त्यानें वाम आणूं नये. शोभेसाठीं जिवंत पोवळें तर मुळींच आणूं नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें पोवळ्यांना संरक्षण आहे. ज्यानें वाम आणली असेल त्यानें झांकण आजच तपासावें. जखम झाल्यानंतरच्या साऱ्या खटपटीपेक्षां तें काम सोपें आहे.

त्या कल्पित घरांतील वाम वांचली कीं नाहीं हें सांगतां येणार नाहीं. तें तिच्या जखमेवर अवलंबून आहे, आणि त्याहून अधिक पुढच्या महिनाभर त्या घरांतील माणसें पाण्याकडे किती लक्ष देतात यावर. मुलाच्या प्रश्नाला बापानें 'हो' म्हणूं नये आणि 'नाहीं'हि म्हणूं नये. त्याच्या हातीं वही द्यावी, पहिल्या ओळींत आजची तारीख घालावयास सांगावें, आणि दोघांनीं मिळून पाण्याची उष्णता मोजावी. आजीबाईंनाहि एक काम आहे: वीज गेली तर रात्रीं उठून हवेचा पंप चालूं करण्याचें. म्हाताऱ्या माणसाची झोंप सावध असते, आणि तें काम त्यांच्या हातून चुकणार नाहीं.